सांदण दरी : वाटाड्यासह एका दिवसाची सफर

अकोले तालुक्यातील साम्रद हे भंडारदरा जलाशयाच्या पलीकडच्या टोकाला वसलेले छोटेसे आदिवासी गाव. गावाच्या एका अंगाला रतनगड, दुसऱ्या अंगाला अलंग, मदन आणि कुलंग या दुर्गत्रयीची रांग. गावापासून वीस-पंचवीस मिनिटे चालत गेले की सपाट पठाराला अचानक एक भेग पडलेली दिसते. जवळ जाईपर्यंत तिचा थांगही लागत नाही. हीच सांदण दरी. सुमारे दोन किलोमीटर लांबीची, दोनशे ते चारशे फूट उंचीच्या उभ्या कातळभिंतींमधली ही अरुंद घळ गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे आणि नाशिककरांच्या सुटीच्या यादीत वरच्या क्रमांकावर जाऊन बसली आहे. पूर्वी तेथे मुख्यत्वे गिर्यारोहक जात. आता कुटुंबे, कार्यालयातील गट आणि महाविद्यालयीन मुलेही जातात. त्यामुळे एका दिवसात ही दरी पाहायची तर कोणासोबत, कधी आणि कोठवर जायचे, याची माहिती निघण्यापूर्वी करून घेणे आवश्यक ठरते.

नावाबद्दल थोडेसे. 'सांद' म्हणजे फट, दोन वस्तूंमधली चिंचोळी जागा. सांदण हे नाव ऐकताच हा अर्थ मनात येतो. 'सांधण' असेही लिहिले जाते. कोकणातल्या वाचकाला मात्र फणसाची सांदणे आठवतील. त्यांचा आणि या दरीचा संबंध नाही. दरीच्या जाहिरातींत 'आशिया खंडातील दुसऱ्या क्रमांकाची दरी' असे बिरूद हमखास लावलेले असते. त्याला काडीचाही आधार नाही. हिमालयातील कालीगंडकी किंवा तिबेटातील यार्लुंग त्सांगपो यांच्या घळया काही हजार मीटर खोल आहेत. इतकेच कशाला, सांदणच्या शेजारचा घाटघरचा कोकणकडाही खोलीत तिला मागे टाकील. सांदणचे वैशिष्ट्य तिच्या अरुंदपणात आहे. काही ठिकाणी दोन-तीन माणसे जेमतेम शेजारी उभी राहू शकतात, आणि डोक्यावर आकाशाची केवळ एक पट्टी उरते. तळाशी सूर्यप्रकाश पोहोचतो तो दुपारच्या सुमारास, तोही थोडा वेळ. ही खरी गोष्ट पुरेशी असताना खोट्या बिरुदाची गरज का वाटावी, हे कोडेच आहे.

दरी घडली कशी?

सह्याद्रीचा हा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा प्रदेश तयार झाला. लाव्हा थंड होताना खडकाला उभ्या भेगा पडतात. काही ठिकाणी नंतरच्या लाव्हाने या भेगा भरून काढल्या. भूशास्त्रात त्यांना 'भित्ती' म्हणतात. आजूबाजूच्या खडकापेक्षा भेगेतील खडक कमकुवत असेल तर तो आधी झिजतो, आणि पाणी तीच रेषा पकडून खोल उतरत जाते. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या अनेक नाळा अशा रेषांना धरून कोरल्या गेल्या आहेत.

येथे भूगोलाची एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा पूर्वेला वाहते, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात साठते आणि पुढे गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला मिळते. सांदणमध्ये पडणारे पाणी मात्र पश्चिमेला, कोकणाकडे कोसळते आणि अरबी समुद्राची वाट धरते. पाणलोटाची ही विभागणी केवळ नकाशापुरती नाही. पठारावर पडलेला पाऊस या चिंचोळ्या फटीत शिरतो, आणि दरीत उभ्या असलेल्या माणसाला पठारावर काय चालले आहे ते दिसत नाही.

दरीतला दिवस

बहुसंख्य पर्यटकांची वाट एकच असते. साम्रदहून दरीच्या मुखाशी यावे, झऱ्याजवळ घटकाभर थांबावे, आत उतरावे, पहिली मोठी उतरण लागते तेथवर जावे आणि आल्या वाटेने परतावे. जाऊन-येऊन चार ते पाच तास लागतात. अंतर फारसे नाही; वेळ जातो तो धोंड्यांमध्ये. घळीचा संपूर्ण तळ कड्यावरून निखळलेल्या लहानमोठ्या दगडांनी भरलेला आहे. काही दगड घरापेक्षा मोठे, काही पाय ठेवताच डुगडुगणारे. सपाट पाऊलवाट अशी नाहीच. गुडघेदुखीचा त्रास असलेल्यांना आणि फार लहान मुलांना ही वाट मानवत नाही. त्यांनी वरून, दरीच्या काठापासून सुरक्षित अंतर राखून ती पाहिलेली बरी.

थोडे आत गेल्यावर पाण्याचे दोन डोह आडवे येतात. ते टाळून पलीकडे जाण्यास जागा नाही. पहिल्यात पाणी सहसा पायापुरते असते. दुसऱ्यात ते कंबरेपर्यंत वा छातीपर्यंत येऊ शकते. खोली ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळा संपता संपता पाणी पुरुषभर असू शकते, उन्हाळ्याच्या अखेरीस ते बरेच उतरते. ऊन न लागल्याने हे पाणी एप्रिलमध्येही अंगावर शहारा आणणारे थंड असते. तळाचे दगड गुळगुळीत आणि शेवाळलेले. पोहता न येणाऱ्याने जीवरक्षक जाकिटाशिवाय दुसऱ्या डोहात पाय टाकू नये. भ्रमणध्वनी, कॅमेरा, गाडीची किल्ली आणि औषधे प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधून डोक्यावर धरायची, ही येथली जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची.

डोह ओलांडल्यावर घळ उतरती होते, भिंती अधिकच उंच वाटू लागतात आणि समोर फटीतून कोकणाचा तुकडा दिसू लागतो. त्यापुढे सरळ कडा तुटलेला आहे. येथून खाली उतरायचे तर दोर, हार्नेस आणि प्रशिक्षित माणसे लागतात. टप्प्याटप्प्याने दोरावरून उतरत शहापूर तालुक्यातील डेहणे गावाकडे जाणारी अथवा करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढून येणारी मोहीम गिर्यारोहक करतात. तिला बहुधा दरीत मुक्काम करावा लागतो. एका दिवसाच्या पर्यटकाने कड्यापाशी थांबून मागे फिरावे. 'एवढे आलोच आहोत तर' हा युक्तिवाद येथे अत्यंत महागात पडू शकतो, कारण काही टप्पे उतरून गेल्यावर त्याच वाटेने वर येता येत नाही.

वाटाड्या कशासाठी?

दरीला एकच वाट असताना वाटाड्याची गरज काय, असा प्रश्न अनेक शहरी पर्यटक विचारतात. वाट चुकण्याची भीती दरीत खरोखरच कमी आहे. वाटाड्याचे काम वेगळे. आज दुसऱ्या डोहात पाणी किती, त्यात कोणत्या बाजूने पाय टाकायचा, कोणता धोंडा हलतो, आग्यामोहोळ कोणत्या कपारीला बसले आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकाश कसे दिसते, या गोष्टी रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसालाच ठाऊक असतात. साम्रद आणि परिसरातील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. भात आणि नागली ही येथली पिके पावसावर अवलंबून. भात निघाल्यावर शेतात फारसे काम उरत नाही. दरीचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. वाट दाखवणे, तंबू लावणे, पिठले-भाकरी रांधून देणे यांतून गावातच चार पैसे मिळू लागले.

शहरातील आयोजकांच्या मोठ्या गटांतूनही सांदणला जाता येते. खर्च कमी येतो आणि बसची सोय होते. परंतु शनिवार-रविवारी असे अनेक गट एकाच वेळी उतरतात, डोहापाशी रांग लागते, आणि अरुंद जागेत पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याच्या अंगावर येतो. सहा ते दहा जणांनी मिळून स्वतंत्र वाटाड्या घेतला, आठवड्याच्या मधला वार निवडला आणि सकाळी आठच्या आत दरी गाठली, तर तीच सांदण जवळजवळ निर्मनुष्य मिळते. शिवाय थकलेल्या एकासाठी सर्वांनी मागे फिरायचे की नाही, हा निर्णय पन्नास जणांच्या गटात होत नाही. लहान गटात तो सहज होतो.

ठरवताना काही गोष्टी आधीच स्पष्ट कराव्यात. सांगितलेली रक्कम माणशी आहे की संपूर्ण गटाची, त्यात जेवण, जाकिटे आणि दोर येतात की नाही, वन विभागाचे प्रवेशशुल्क वेगळे आहे का, हे विचारून घ्यावे. पाऊस आल्यास सफर रद्द होईल आणि आगाऊ रकमेचे काय होईल, हेही बोलून ठेवावे. नाहीतर पैसे बुडतील या विचाराने पर्यटक आणि बुकिंग जाईल या विचाराने आयोजक, असे दोघेही ढगांकडे दुर्लक्ष करतात. दोरावरील उतरण करायची असेल तर संबंधित संस्थेची नोंदणी पाहणे पर्यटकाच्या हिताचे आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. गावातील वाटाड्या दरी जाणतो, याचा अर्थ तो दोराचे तंत्रही जाणतो असा होत नाही. दोन्ही कौशल्ये वेगळी आहेत.

पावसाचा प्रश्न

शेजारच्या घाटघरला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. जून ते सप्टेंबर या काळात सांदण ही दरी राहत नाही, तो धबधब्याचा मार्ग असतो. त्या दिवसांत आत उतरण्याचा विचारही करू नये. प्रवेशही बंद असतो. धोका मात्र पावसाळ्याच्या कडेच्या दिवसांत अधिक आहे, कारण तेव्हा पर्यटक असतात. मे महिन्यात भंडारदरा परिसरात काजवे पाहण्यासाठी झुंबड उडते आणि त्याच फेरीत अनेक जण सांदणही उरकून घेतात. वळवाचा पाऊस नेमका याच सुमारास, बहुधा दुपारनंतर येतो. ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाचीही तीच तऱ्हा.

अरुंद घळीत पाणी किती वेगाने चढते याचे उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात घडले आहे. नावाहो आदिवासींच्या भूमीवरील अँटिलोप कॅन्यन ही वालुकाश्मातील अशीच चिंचोळी घळ. १२ ऑगस्ट १९९७ रोजी काही मैल दूर कोसळलेल्या वादळी पावसाचे पाणी तिच्यात शिरले आणि ११ पर्यटक मृत्युमुखी पडले. घळीपाशी त्या वेळी फारसा पाऊसही नव्हता. आज त्या घळीत मान्यताप्राप्त वाटाड्याशिवाय कोणालाही पाऊल टाकता येत नाही. सांदणचा खडक वेगळा, हवामान वेगळे, परंतु पाण्याचा नियम तोच. सभोवतीच्या डोंगरांवर काळे ढग दिसले, दूरवर गडगडाट ऐकू आला किंवा झऱ्याचे पाणी गढूळ झाले, की वाद न घालता बाहेर पडायचे. पाणी आधीच वाढले असेल तर डोह ओलांडण्याची घाई न करता शक्य तितक्या उंच, पक्क्या जागी बसून राहावे. उतारू लोंढा ज्या वेगाने चढतो, साधारणपणे तसाच लवकर ओसरतोही.

आग्यामोहोळांचा धोका वेगळा. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. भिंतींवर आदळून घुमणारा आवाज ऐकण्यासाठी आरोळ्या ठोकणाऱ्यांना वाटाडे गप्प करतात ते उगाच नव्हे.

हंगाम आणि प्रवास

नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटीमार्गे शेंडी गाठावी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. शेंडीहून जलाशयाला वळसा घालून घाटघरच्या किंवा रतनवाडीच्या बाजूने साम्रदला जाता येते. रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर त्यामुळे वाटेवरच येते. हा प्रदेश १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, म्हणून प्रवेशाची नोंद करावी लागते.

नाशिककरांना ही सफर खऱ्या अर्थाने एका दिवसाची. मुंबई-पुण्याहून पहाटे तीन-चारला निघून रात्री परतणे शक्य असले, तरी चार-पाच तास धोंड्यांवर चढउतार केल्यानंतर तोच माणूस रात्री घाटात गाडी चालवणार असेल, तर बेत पुन्हा तपासावा. वेगळा चालक घ्यावा किंवा आदल्या रात्री शेंडी वा साम्रदला मुक्काम करावा. गावात भ्रमणध्वनीची रेंज भरवशाची नाही आणि दरीत ती मिळत नाही. त्यामुळे किती वाजेपर्यंत बाहेर येणार हे गावात कोणाला तरी सांगून आत जावे. उपचारांसाठी राजूर किंवा घोटी गाठावी लागते, तेही तासाभराहून अधिक वेळाने.

सोबत चांगली पकड असलेले आणि भिजले तरी चालतील असे बूट, कोरडे कपडे, प्रत्येकी दोन लिटर पाणी, विजेरी आणि प्रथमोपचाराचे साहित्य असावे. चपला आणि जीन्स दोन्ही घरी ठेवाव्यात. ओली जीन्स डोहानंतर पाय उचलू देत नाही. जेवणाची सोय गावात आगाऊ सांगितल्यास होते. वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या दरीत टाकल्या तर पुढच्या पावसात त्या थेट कोकणातल्या ओढ्यात उतरतात. आपला कचरा पाठीवर घेऊन वर यावा आणि शहरात नेऊन टाकावा, कारण साम्रदमध्ये तो उचलून नेणारी यंत्रणा नाही.