गाडीच्या डिकीतलं सरपण

उन्हाळ्यात तंबू ठोकून राहायला निघालं की डिकीत घरचं सरपण टाकायचं, ही मिशिगनमधली जुनी रीत. आम्हीही इथे आल्यावर तेच करायचो. त्यात काही चूक असेल, असं मनातही आलं नव्हतं.

२००२ च्या उन्हाळ्यात डेट्रॉईटजवळ सुकत चाललेल्या अ‍ॅशच्या झाडांत एक चकचकीत हिरवा भुंगेरा सापडला. लांबी जेमतेम अर्धा इंच. पूर्व आशियातला हा कीटक मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा, असं मानतात. त्याची अळी सालीखाली नागमोडी वाटा पोखरते आणि झाडाचं अन्नपाणी तोडते. पुढे मेलेल्या झाडांची वलयं तपासल्यावर कळलं, की तो १९९० च्या दशकातच इथे मुक्कामाला आला होता. म्हणजे कित्येक वर्षं झाडं मरत होती, लोक बघत होते आणि दोष मात्र अ‍ॅशच्या एका जुन्या रोगाला देत होते.

अमेरिकेला हा धडा नवा नव्हता. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटवर परकी बुरशी दिसली. पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडं गेली. १९३० च्या सुमारास युरोपातल्या ओंडक्यांबरोबर एल्मचा रोग आला. गावोगावचे एल्म गेले, तेव्हा त्यांच्या जागी रस्तोरस्ती लावलं काय, तर अ‍ॅश! एकाच झाडाच्या रांगा लावायची खोड काही गेली नाही.

हा भुंगेरा स्वतः उडून फार लांब जात नाही. त्याला शेकडो मैल नेलं ते आपल्या डिक्यांनी. सरपण नेण्यावर बंदी आली, मॅकिनॉ पुलाशी गाड्या तपासल्या जाऊ लागल्या. तरी २००५ मध्ये तो पुलापलीकडे सापडलाच, ब्रिमलीच्या सरकारी उद्यानात, जिथे लोक तंबू ठोकायला येतात तिथे.

सगळ्यात मोठा घाव बसला तो इथल्या मूळनिवासी टोपल्या विणणाऱ्यांवर. काळ्या अ‍ॅशचा ओंडका ठोकून ठोकून ते वलयांच्या पट्ट्या सुट्या करतात आणि त्या विणतात. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आता झाडंच संपतील म्हणून त्यांनी बिया गोळा करून जपायला सुरुवात केली. जंगलाशी ज्यांचं पोट आणि परंपरा बांधलेली असते, त्यांना धोका समजावून सांगावा लागत नाही. समजावावं लागतं ते आपल्यासारख्या दोन दिवसांच्या पाहुण्यांना.

म्हणूनच इथल्या जनजागृतीचा सगळा भर एका साध्या वाक्यावर आहे: जिथे जाळायचं, तिथेच सरपण घ्या. परका किडा घालवण्यापेक्षा त्याला न नेणं कितीतरी सोपं, हे कळायला आम्हाला कोट्यवधी झाडं गमवावी लागली.

आमच्या दारचा अ‍ॅशही तोडावा लागला. बुंध्यावर इंग्रजी ‘डी’च्या आकाराची बारीक भोकं होती. ती आम्ही रोज बघत होतो, ओळखली मात्र नव्हती.