शंभर माणसं, पाच हजार एकर

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटला की आपल्याकडे दोन वाटा. एक कुळवृत्तांताची, दुसरी देवघराशेजारच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या जुन्या खरेदीखतांची. कुळवृत्तांतात सगळेच पूर्वज कर्तबगार आणि सत्शील असतात. खरेदीखत असं कौतुक करत बसत नाही. कोणी कोणाला काय दिलं, किती पैसे मोजून घेतले, कोणाला वगळलं, एवढंच ते सांगतं. पण ते साक्षीदारांसमोर सांगतं.

मुलगी अमेरिकेत व्हर्जिनियात राहते, त्यामुळे तिकडच्या जुन्या कागदांची थोडी गोडी लागली. तिथे जे घराणं हाताशी लागलं ते जगाला माहीत असलेलं, जॉर्ज वॉशिंग्टनचं. शाळेत मी त्याचं स्वातंत्र्ययुद्ध पंचवीस वेळा तरी शिकवलं असेल. या घराण्याचे दस्त आणि मृत्युपत्रं मात्र निवृत्तीनंतरच वाचली, आणि लढायांपेक्षा तीच जास्त बोलकी वाटली.

या घराण्याचा मूळ पुरुष जॉन वॉशिंग्टन. हा जॉर्जचा पणजोबा. इंग्लंडहून आलेल्या एका व्यापारी जहाजावर तो कामाला होता. १६५७ साली तंबाखू घेऊन परतताना जहाज पोटोमॅक नदीत रुतलं आणि जॉन तिथेच राहिला. नथॅनियल पोप नावाच्या सधन शेतकऱ्याच्या मुलीशी, अ‍ॅनशी, त्याचं लग्न झालं. सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली, शिवाय ८० पौंड उसने दिले आणि पुढे मृत्युपत्रात ते कर्ज माफ करून टाकलं. (जावयाला घरजावई न म्हणता उभं कसं करावं, ते या पोपसाहेबांकडून शिकावं!)

खरी गोष्ट सुरू होते १६७४ साली. जॉनने निकोलस स्पेन्सर नावाच्या भागीदाराबरोबर पोटोमॅकच्या काठी, लिटल हंटिंग क्रीकजवळ ५,००० एकर जमीन मिळवली. ती मिळाली कशी? त्या काळी व्हर्जिनियात नियम असा, की समुद्रापलीकडून एक माणूस वसाहतीत आणला, त्याचं जहाजभाडं भरलं, की आणणाऱ्याला ५० एकर. या दोघांचा दावा शंभर माणसांचा होता. शंभर गुणिले पन्नास. चौथीच्या पोरालाही जमेल असा हिशेब! पण त्या हिशेबापाशी मी बराच वेळ थांबले. माणूस आणि जमीन एकमेकांत मोजायची सवय या घराण्याच्या पहिल्या मोठ्या कागदातच आहे. आणि ज्या डोग लोकांचा तो मुलूख होता, त्यांचं नाव आज तिथल्या एका ओढ्याला तेवढं उरलंय.

या दस्तांच्या चतुःसीमा वाचायला मजा येते. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस गावठाण, असं आपल्याकडे लिहितात. तिथे शेजारीच नव्हते, म्हणून खुणेची झाडं: पांढऱ्या ओकपासून निघावं, अमुक अंतरावर तांबड्या ओकपाशी वळावं, ओढ्याच्या कडेने परत यावं. झाड पडलं की भांडण उभं! जॉर्ज स्वतः सतराव्या वर्षी, १७४९ साली, कल्पेपर परगण्याचा मोजणीदार झाला. ते लोक जिने जमीन मोजत ती गंटरची साखळी ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे बरोबर अर्ध्या साखळीचा चौरस. साहेबाची साखळी पोटोमॅकवरून आपल्या सातबाऱ्यापर्यंत अशी पोचलेली आहे.

असो. जॉनचा हिस्सा मुलाकडे, लॉरेन्सकडे गेला. १६९० साली स्पेन्सरच्या वारसांशी वाटणी झाली. लॉरेन्स १६९८ साली लहान मुलं मागे ठेवून वारला. विधवेने पुन्हा लग्न केलं आणि मुलांना घेऊन नव्या नवऱ्याबरोबर इंग्लंडात व्हाइटहेवनला गेली. १७०१ मध्ये तिथे तीही गेली आणि मुलं सावत्र बापाच्या ताब्यात राहिली. व्हर्जिनियातला एक चुलता कोर्टात गेला, कारण मुलं ज्याच्याकडे, त्यांच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्याकडे. मुलं परत आली. त्यांतला ऑगस्टिन हा जॉर्जचा बाप. तो खटला झाला नसता तर मुलं इंग्रजच राहिली असती, असं मला वाटतं.

नदीकाठची ती जमीन लॉरेन्सने मृत्युपत्रात मुलीला, मिल्ड्रेडला दिली होती. १७२६ साली तिने आणि तिच्या नवऱ्याने ती ऑगस्टिनला १८० पौंडांना विकली. आपल्याकडच्या आत्याबाई अशा वेळी साडीचोळीवर हक्कसोडपत्र करून देतात. जॉर्जच्या आत्याने रोख पैसे घेतले, हे मला आवडलं.

ऑगस्टिन १७४३ साली वारला. ही जमीन थोरल्या मुलाला, दुसऱ्या लॉरेन्सला मिळाली. त्याने तिला आपल्या नौदलातल्या अ‍ॅडमिरल व्हर्ननचं नाव दिलं, माउंट व्हर्नन. सावत्र भाऊ जॉर्ज तेव्हा अकरा वर्षांचा. त्याच्या वाट्याला दुसरीकडचं एक शेत आणि दहा गुलाम आले. अकरा वर्षांच्या पोराला दहा माणसं! मृत्युपत्रात जमीन, गुरं, माणसं एकाच यादीत येतात, आणि वाचता वाचता आपलीही नजर सरावते. याचीच मला भीती वाटली.

१७५२ मध्ये लॉरेन्स गेला, दोन वर्षांनी त्याची एकुलती मुलगीही. वहिनीने दुसरं लग्न केलं होतं, पण माउंट व्हर्ननवर तिचा तहहयात हक्क होता. म्हणून १७५४ साली जॉर्जने वहिनीकडूनच ती जमीन खंडाने घेतली. खंड वर्षाला १५,००० पौंड तंबाखू. अमेरिकेचा भावी राष्ट्राध्यक्ष सहासात वर्षं आपल्या वहिनीचा कूळ होता! १७६१ मध्ये ती वारली, तेव्हा कुठे तो मालक झाला.

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद सांगते. तो म्हणजे लिहिलाच गेला नाही असा कागद. जॉर्जची बायको मार्था आधीची डॅनियल पार्क कस्टिसची पत्नी. हा श्रीमंत गृहस्थ १७५७ साली मृत्युपत्र न करताच वारला. मग कायद्याने जे ठरलं ते ठरलं: विधवेला जमिनीचा आणि गुलामांचा एकतृतीयांश हिस्सा, तोही फक्त तिच्या हयातीपुरता. नंतर तो कस्टिसच्या वारसांचा. मार्थाला किंवा जॉर्जला त्यातला एकही माणूस विकता येत नव्हता, की मुक्त करता येत नव्हता. आणि व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा असा, की मूल आईच्या दर्जाचं. म्हणजे त्या हिश्श्यातल्या बाईचं प्रत्येक मूल पुन्हा त्याच हिश्श्यात.

जॉर्जने ९ जुलै १७९९ ही तारीख घालून स्वहस्ते मृत्युपत्र लिहिलं. एकोणतीस पानं. एक पान सोडून सगळ्यांवर सही. सालात 'नव्वद' लिहून पुढचा 'नऊ' राहून गेलाय. (मी असते तर अर्धा गुण कापला असता.) १४ डिसेंबरला अंथरुणावरून त्याने मार्थाला दोन मृत्युपत्रं आणायला सांगितली, एक जाळायला लावलं, दुसरं जपून ठेवायला दिलं. त्याच रात्री तो गेला.

त्याच वर्षी त्याने माउंट व्हर्ननवरच्या गुलामांची यादी केली होती. एकूण ३१७. त्यांतले १२३ त्याचे स्वतःचे, १५३ कस्टिसच्या हिश्श्यातले, उरलेले भाड्याने आणलेले. मृत्युपत्रात त्याने आपले १२३ मुक्त केले, पण मार्थाच्या मृत्यूनंतर. विल्यम ली या जुन्या सेवकाला मात्र ताबडतोब मुक्ती आणि वर्षाला ३० डॉलर. म्हाताऱ्यांना आयुष्यभर पोसावं आणि पोरक्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवावं, असंही लिहिलं. त्या म्हाताऱ्यांवरचा खर्च १८३३ पर्यंत चालू होता. एवढं तरी त्याच्या पदरात घालायलाच हवं. पण हेच करायला त्याला हयातभर कोणी अडवलं होतं? व्हर्जिनियात १७८२ पासून मालकाला आपले गुलाम मुक्त करता येत होते.

घोटाळा असा, की हे १२३ आणि ते १५३ एकमेकांत लग्नं करून एक झाले होते. यादीत नावापुढे जोडीदार कोण आणि कोणाच्या मालकीचा, तेही लिहिलंय. मार्थाने १ जानेवारी १८०१ ला त्या १२३ जणांना सोडलं. नवरा मोकळा झाला, बायको आणि मुलं कस्टिसची राहिली. १८०२ मध्ये मार्था वारली आणि ती माणसं चार नातवंडांत वाटली गेली. वाटणी म्हटली की शेताचे बांध डोळ्यांपुढे येतात. इथे बांध घरातून गेला.

मार्थाचंही मृत्युपत्र आहे. यादवी युद्धाच्या काळात ते फेअरफॅक्सच्या कोर्टातून लांबवलं गेलं आणि जे. पी. मॉर्गन या बड्या धनिकाच्या संग्रहात गेलं. व्हर्जिनिया राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा १९१५ मध्ये ते परत आलं. मार्थाच्या स्वतःच्या, हिश्श्याबाहेरच्या मालकीचा एकच गुलाम होता, एलिश नावाचा. त्याला ती मुक्त करू शकत होती. १८०२ च्या पुरवणीत तिने तो नातवाला दिला.

ही दोन्ही मृत्युपत्रं आज फेअरफॅक्सच्या कोर्टाच्या ताब्यात आहेत. त्याच दप्तरातल्या जुन्या दस्तांत आणि मृत्युपत्रांत आलेल्या गुलामांच्या नावांची सूची आता केलेली आहे, आणि त्यांच्या वंशजांना तिचा उपयोग होतो. त्या लोकांची ना खरेदीखतं, ना मृत्युपत्रं. बहुतेकांची नुसती पाळण्यातली नावं. म्हणून पणजीला शोधायचं, तर तिला ज्याने वारसात दिलं त्याच्या आडनावाखाली आधी बघावं लागतं.