मिसिंग: फियाटच्या इंजिनावर घडलेली मिस्त्रींची विद्या

इंजिन एकसारखे न चालणे, मधूनच एखादा ठोका चुकणे आणि चढावर गाडी न ओढणे, या तक्रारीला महाराष्ट्रातल्या गॅरेजांत ‘मिसिंग’ म्हणतात. तिचे मूळ शोधण्याची मुंबईची पद्धत मुख्यतः एकाच इंजिनावर घडली. 1089 सीसीचे, चार सिलिंडरचे हे फियाट इंजिन इटलीत 1937 साली आले. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1950 च्या दशकात फियाट 1100 गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी अशी नावे बदलत गेली, तरी बॉनेटखालच्या पेट्रोल इंजिनाचा मूळ आराखडा बदलला नाही. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबले, तोवर मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या याच इंजिनावर तयार झाल्या होत्या. उस्तादाने शिकलेली खूण पोऱ्याला आणि पुढे त्याच्याही पोऱ्याला जशीच्या तशी उपयोगी पडली. गाडीच्या धंद्यात इतके स्थैर्य क्वचितच मिळते.

इंजिनाला ठिणगी पुरवण्याची रीत त्याहूनही जुनी. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी प्रज्वलन व्यवस्था बसवली, ती 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. त्याच्या डेल्को कंपनीचे नाव इथल्या गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरलाच चिकटले. डेल्कोतले पॉइंट दर ठिणगीला उघडतात आणि मिटतात, त्यामुळे ते झिजतात, जळतात आणि त्यांच्यातली फट बदलते. ही फट जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. फिलर गेज नसेल तेव्हा मिस्त्री हॅकसॉ ब्लेडच्या जाडीवर अंदाज बांधत, पॉलिश पेपरने पॉइंट घासत आणि इंजिनाचा आवाज ऐकून डेल्को किंचित फिरवत टायमिंग लावत. कंडेन्सर खराब असला की गाडी थंड असताना ठीक चालते आणि तापली की मिसिंग करू लागते. पावसाळ्यात डेल्कोच्या टोपणात ओल शिरते. टोपणाला बारीक तडा गेलेला असेल, तर त्या तड्यातून करंट दुसरीकडेच पळतो. मुंबईत जुलै महिन्यात गाडी कोरड्या फडक्यावर सुरू होते ती यामुळेच.

कोणता सिलिंडर काम करत नाही, हे शोधण्याची रीत सोपी आणि पक्की आहे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन अडखळले तर तो सिलिंडर चांगला. काही फरकच पडला नाही तर दोष तिथेच. मग तो प्लग काढून उजेडात धरायचा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरट टोक म्हणजे कमी, आणि तेलाने ओला झालेला प्लग पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजल्याचे सांगतो. फिकट तपकिरी रंग दिसला की प्लग पुन्हा जागेवर. स्क्रू-ड्रायव्हरचे पाते इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली, तर टॅपेटचा आणि बेअरिंगचा आवाज वेगळा ओळखता येतो. हे काम मात्र कान तयार झाल्यावाचून जमत नाही.

तपासाचा क्रम हा या विद्येचा गाभा. आधी कॉम्प्रेशन, मग करंट आणि शेवटी कार्बोरेटर. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर ट्यूनिंग करून काही हाती लागत नाही. कॉम्प्रेशन कमी आढळले, तर प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर रिंगा गेल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम ढिले पडले, तर त्यांच्या मधला हेड गास्केट फुटल्याचा संशय घ्यायचा. तरीही अनेक गॅरेजांत पहिला हात कार्बोरेटरलाच जाई, कारण तो उघडायला सोपा आणि त्यात कचरा सापडतोच. त्यामुळे असंख्य चांगले कार्बोरेटर विनाकारण उघडले गेले आणि त्यांचे जेट तारेने खरवडून कायमचे मोठे झाले.

रीत स्थिर राहिली, पण कारणे इंधनाबरोबर बदलत गेली. स्वस्त रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळले जाई, त्या काळात चढावर इंजिनाची टकटक हे नेहमीचे लक्षण होते. घाटात पेट्रोल पंप तापून नळीत वाफ धरली, की पंपावर ओले फडके टाकून वाट पाहावी लागे. 1995 पासून महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे. तो गेल्यावर जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीत खोल रुतण्याची भीती वाढली. व्हॉल्व्ह रुतला की टॅपेटची फट संपते, तो पूर्ण मिटत नाही आणि दाब गळतो.

न्यायालयाच्या आदेशांनंतर 2000 नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि हा त्रास आणखी वाढला. गॅस कोरडा असतो, हवेची जागा घेऊन ताकद कमी करतो आणि पेटायला अधिक जोरदार ठिणगी मागतो. पेट्रोलवर निभावून जाणारी कॉइल किंवा जुनी वायर गॅसवर उघडी पडते. म्हणून टॅक्सीचा मिस्त्री आधी गाडी पेट्रोलवर घेऊन पाही. मिसिंग थांबले तर गॅस किट किंवा करंट, नाही थांबले तर थेट हेड.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. खासगी हातांत जपलेल्या फियाटपुढे आता इथेनॉलचा प्रश्न आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते, टाकीतला साचलेला गाळ सोडवून जेटपर्यंत आणते, आणि त्यातला ऑक्सिजन मिश्रण पातळ करतो. प्लग पांढरे दिसू लागतात, ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते. अशा गाडीत इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि नवा पडदा बसवून, टाकी साफ करून, एक माप मोठा जेट लावावा लागतो.