गिंडीचा कोल्हा आणि रस्त्यावरचा कुत्रा : चेन्नईची रेबीजशी लढाई

आजच्या भागात आपण चेन्नईला जाणार आहोत. विषय आहे रेबीज.

तमिळमध्ये या रोगाला 'वेरिनाय कडी' म्हणतात, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा. आपणही 'पिसाळलेलं कुत्रं चावलं' असंच म्हणतो. दोन्ही भाषांनी रोगाचं नाव कुत्र्याशी बांधून टाकलं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मात्र पिसाळणाऱ्या प्राण्यांची यादी आहे आणि तिच्यात कुत्र्याबरोबर कोल्हा, तरस, अस्वल, वाघ असे रानातले प्राणीही आहेत. रोग्याला पाण्याची भीती वाटू लागली की तो वाचत नाही, हेही तिथे नोंदवलंय. त्या लक्षणाला नाव दिलंय 'जलत्रास'. मला ही यादी फार महत्त्वाची वाटते, कारण रान आणि वस्ती यांच्यातली सीमा हा विषाणू मानत नाही.

चेन्नईत ही सीमा किती पातळ आहे बघा. शहराच्या मधोमध गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे, जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचं. त्यात चितळ आहेत, काळवीट आहेत, कोल्हे आहेत, मुंगूस आणि माकडं आहेत. एका बाजूला राज्यपालांचं निवासस्थान, दुसरीकडे आयआयटी आणि भिंतीपलीकडे रस्त्यावरची कुत्री. त्यांना भिंत ओलांडता येते. माकडं तर वसतिगृहाच्या खिडकीतून आत येतात.

मग अशा शहरानं काय केलं?

पहिला उपाय सगळ्यांनी केला तोच : कुत्री मारा. आपल्या मुंबईतही हेच झालं. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारचे शिपाई मोकाट कुत्री मारायला निघाले, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. कुत्र्याला धर्मात मान देणारे पारशी रस्त्यावर उतरले आणि मोठी दंगल झाली. मद्रासमध्ये महापालिकेनं १८६० च्या सुमारास कुत्री पकडून मारायला सुरुवात केली, असं 'ब्लू क्रॉस ऑफ इंडिया' या संस्थेचे डॉ. चिन्नी कृष्णा यांनी लिहिलंय. त्यांच्या हिशोबानुसार सुरुवातीला दिवसाला एखादं कुत्रं मारलं जाई, १९९६ पर्यंत हा आकडा दिवसाला १३५ वर गेला. सव्वाशेहून अधिक वर्षं मारूनही कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही गेला नाही.

दुसरा उपाय आला डोंगरावरून. १९०२ मध्ये दक्षिणेत लिली पाकनहॅम-वॉल्श नावाची तरुणी रेबीजनं गेली. पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचून वाचवलं त्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. पण भारतात लस मिळायची ती उत्तरेत, कसौलीला. मद्रासहून तिथे पोहोचायलाच कित्येक दिवस लागत. पुढे हेन्री फिप्स या अमेरिकी उद्योगपतीच्या देणगीतून निलगिरीत कुन्नूरला पाश्चर संस्था उभी राहिली, १९०७ मध्ये.

त्यानंतर १९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत नवी लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा आणि कार्बोलिक आम्लानं तो मारायचा. 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही जी भीती आपल्या घराघरांत होती, ती या लसीची. लस स्वस्त होती, तिनं असंख्य जीव वाचवले. पण मेंदूच्या अंशामुळे काहींना लसीनंच पक्षाघात व्हायचा. तरीही भारतात ती २००४ च्या अखेरपर्यंत बनत राहिली. आज हातावर टोचायची सुरक्षित लस मिळते.

तिसरा उपाय चेन्नईनं स्वतः शोधला. ब्लू क्रॉसची स्थापना १९५९ ची. मारू नका, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा, हा त्यांचा आग्रह १९६० च्या दशकापासूनचा. महापालिकेला तो पटायला तीस वर्षं लागली. १९९६ मध्ये, मद्रासचं चेन्नई झालं त्याच वर्षी, दक्षिण भागात हे काम सुरू झालं.

यामागचं गणित साधं आहे. एका गल्लीतली कुत्री मारली की खाणं तसंच राहतं आणि शेजारची, लस न दिलेली कुत्री तिथे येतात. उलट लस दिलेलं कुत्रं आपली हद्द राखतं आणि विषाणूची वाट अडवतं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्लू क्रॉसच्या आकड्यांनुसार १९९६ मध्ये शहरात रेबीजचे १२० बळी होते, २००७ मध्ये शून्य. याच काळात माणसांसाठीची लसही सुधारली, तेव्हा श्रेय दोघांचं. पुढे २००१ मध्ये केंद्र सरकारनं याच पद्धतीचे नियम देशभर लागू केले.

पण अशी लढाई एकदा जिंकून भागत नाही. २०२४ च्या गणनेत चेन्नईत सुमारे १ लाख ८० हजार मोकाट कुत्री आढळली. दरवर्षी नवी पिल्लं येतात, लसीचा असर उतरतो. गिंडीच्या कोल्ह्याला कुणी पकडून लस देत नाही. त्याचं संरक्षण भिंतीबाहेरच्या कुत्र्यांवरच अवलंबून असतं. इथियोपियात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुर्मीळ लांडगे रेबीजनं मेले, आणि तो रोग पाळीव कुत्र्यांकडून आला होता. मुंबईतही २०२४ मध्ये कोल्ह्यांत रेबीज सापडला.

माणसांतले ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळे होतात. म्हणजे रानातून घरात येणारं दार एकच, आणि त्याची कडी आपल्या हातात आहे. घरातल्या कुत्र्या-मांजराला दरवर्षी लस द्या, ते बाहेर जात नसलं तरी. कुत्रं, मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा यांपैकी काहीही चावलं किंवा ओरखडलं, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल विचारा. विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकतो, त्याला आठवडे किंवा महिने लागतात. तेवढाच आपला अवधी. लक्षणं दिसल्यावर सुश्रुताच्या काळी उपाय नव्हता, आजही जवळजवळ नाही.

लिलीच्या वेळी लस शेकडो कोसांवर होती. आज ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. उशीर होतो तो बहुतेक वेळा आपल्याकडूनच. भेटू पुढच्या भागात.