सगाटची पट्टी

शाळेच्या खाऊचे पैसे ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये घालवले आहेत, त्यांना 'स्ट्रीट फायटर २' मधला सगाट नक्की आठवत असेल. ताडमाड उंच, टकला, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला थायी लढवय्या. गंमत अशी, की प्रतिस्पर्ध्याने त्याच्यावरून उडी मारली आणि सगाट मागे वळला, की ती पट्टी दुसऱ्या डोळ्यावर जायची! आम्ही पोरं त्यावर पोट धरून हसायचो. बनवणाऱ्याची चूक, असंच आम्हाला वाटे. खरं तर ती काटकसर होती.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने हा गेम १९९१ साली आणला. त्याचा पडदा ३८४ बाय २२४ ठिपक्यांचा. सगाटची प्रत्येक मुद्रा, म्हणजे उभं राहणं, ठोसा उगारणं, पडणं, हे सगळं चित्रकाराने ठिपक्या-ठिपक्याने काढलेलं स्वतंत्र चित्र. या चित्रांना म्हणतात स्प्राइट. एका चित्राच्या वाट्याला जेमतेम पंधरा रंग. चित्रं साठवायची यंत्रातल्या चिपांत, आणि चिपा महाग. मग डावीकडे बघणारा सगाट वेगळा कोण काढणार? तेच चित्र आरशातल्यासारखं उलटवायचं. पट्टीही उलटणारच.

पण या अडचणीतूनच एक शैली घडली. थोडक्या चित्रांत ठोसा 'लागला' असं वाटायला हवं, म्हणून चित्रकार मधली हालचाल गाळायचे आणि नेमका आघाताचा क्षण ठसठशीत काढायचे. मूठ थोडी मोठी, पाय थोडा लांब. शरीरशास्त्राला धरून नसेल, पण डोळ्याला पटायचं. खेळणाऱ्यालाही पुढचा वार कुठला, हे मुद्रेवरूनच कळायचं.

१९९३ साली सेगा कंपनीचा 'व्हर्च्युआ फायटर' आला. त्याचे कर्ते यू सुझुकी. इथे चित्रं नव्हतीच. सपाट तुकडे जोडून केलेला त्रिमितीय पुतळा, म्हणजे थ्रीडी मॉडेल. चेहरे पुठ्ठ्याच्या खोक्यांसारखे, पण हालचाल माणसासारखी सलग आणि कॅमेरा भोवती फिरणारा. पुतळा एकदा घडवला की हवा तसा हलवा, प्रत्येक मुद्रेला नवं चित्र नको. पुढच्याच वर्षी नाम्कोचा 'टेक्केन' आला.

हाताने काढणारे लगेच मागे हटले नाहीत. कॅपकॉमने १९९७ साली 'स्ट्रीट फायटर ३' काढला. कपड्यांच्या चुण्या, श्वासाबरोबर हलणारे खांदे... आजही तो बघत राहावासा वाटतो. पण ज्या महागड्या यंत्रावर तो चालायचा, त्यावर एकूण सहाच गेम निघाले. २००८ साली 'स्ट्रीट फायटर ४' आला तो थ्रीडी मॉडेलं घेऊनच. सगाटची पट्टी अखेर एका डोळ्यावर स्थिर झाली!

सगळ्यात चटका लावणारी कथा एसएनके प्लेमोअर या कंपनीची. 'किंग ऑफ फायटर्स' ही त्यांची जुनी मालिका. २००९ च्या बाराव्या भागासाठी त्यांनी सगळे लढवय्ये नव्याने, मोठ्या आकारात ठिपक्यांनी काढायचं ठरवलं. पद्धत मोठी विलक्षण. आधी थ्रीडी मॉडेल करायचं, त्यावरून मुद्रा बसवायची, आणि मग त्यावर माणसाने एकेक ठिपका भरत बसायचं. एकेका पात्रावर असे महिनेच्या महिने जात. परिणाम? पार्लरमधल्या आवृत्तीत अवघी वीस पात्रं, आणि घरी आणाल तर कथाभागही नाही. चाहते खट्टू झाले. तेरावा भाग बराच सुधारला. पण २०१६ च्या चौदाव्या भागात कंपनी थ्रीडीकडे वळली. पात्रं किती? पन्नास! चित्रं सुंदर होती हो, पण हिशोब काही जमला नाही.

हा हिशोब किती कठीण, ते 'स्कलगर्ल्स' वाल्यांनी उघड करून दाखवलं. या अमेरिकन मंडळींनी २०१३ साली हाताने काढायच्या एका नव्या पात्रासाठी लोकांकडे दीड लाख डॉलर मागितले. पुष्कळांनी डोळे विस्फारले. मग त्यांनी खर्चाचा तपशीलच मांडला. लोकांनी आठ लाखांहून अधिक डॉलर दिले, आणि एकाऐवजी अनेक पात्रं झाली.

तर मग हाताची कला हरली म्हणायची का? परवा भाचा 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह' खेळत होता. मी मागे उभा. त्याने विचारलं, "मामा, सांग बघू, हे कार्टून काढलंय की थ्रीडी आहे?" मी ठामपणे म्हटलं, काढलंय. तो हसला. होतं थ्रीडीच.

ही वाट आर्क सिस्टम वर्क्स या जपानी कंपनीने २०१४ च्या 'गिल्टी गिअर एक्सआरडी' मध्ये घालून दिली. संगणक दोन मुद्रांच्या मधली हालचाल आपोआप भरून देतो. यांनी ते बंदच केलं. प्रत्येक मुद्रा कलाकाराने स्वतः बसवायची, आणि ती क्षणभर तशीच थांबवायची, जुन्या स्प्राइटसारखी. सावली चेहऱ्यावर विद्रूप पडते म्हणून पृष्ठभागावर प्रकाश कसा पडावा, हेही हाताने दुरुस्त केलं. प्रत्येक पात्राला स्वतंत्र दिवा, तोही मुद्रेनुसार हलवलेला. गरज पडली तर मूठ मोठी, हात लांब. तीच जुनी युक्ती!

यंत्राने फुकट दिलेला गुळगुळीतपणा पुसून टाकायला माणसांनी घाम गाळावा, हे मला फार मोलाचं वाटतं. कुंचला असो वा संगणकातला पुतळा, ही मुद्रा इथे अशीच हवी, हे कुणीतरी बसून ठरवलं आहे की नाही, एवढंच शेवटी बघायचं. ठरवलं असेल तर ते डोळ्याला कळतंच.

ठिपक्यांची चित्रं संपलेली नाहीत. २०२४ साली आलेला 'अंडर नाइट इन-बर्थ २' स्प्राइटचाच आहे. भाच्याला मी आता जुना 'स्ट्रीट फायटर २' दाखवला. सगाट वळला, पट्टी सरकली, आणि तोही पोट धरून हसला. मग त्याला मी चिपांची गोष्ट सांगितली.