ड्रॅगनस्तंभ, चिनी

चिनी राजप्रासाद, मंदिरे व स्मारके यांतील, ड्रॅगनाच्या वेटोळ्यांनी अलंकृत केलेले लाकडी, पाषाणी वा धातूचे स्तंभ. चिनी ड्रॅगन (लुंग) हा यूरोपीय दंतकथांतील अग्नी ओकणाऱ्या प्राण्याहून भिन्न असून तो मेघ, पर्जन्य व जलाशय यांचा अधिपती आणि म्हणून शुभंकर मानला जातो. राजसत्तेचेही तो प्रतीक होता. उत्तरकालीन राजवटींत पाच नखांचा ड्रॅगन प्रामुख्याने सम्राटासाठी राखून ठेवलेला असे.

पारंपरिक चिनी इमारतीत छताचा भार सामान्यतः भिंतींवर न येता तुळया व स्तंभ यांच्या सांगाड्यावर येतो. स्तंभ हाच मुख्य आधार असल्याने अलंकरणातही त्यास महत्त्वाचे स्थान मिळाले. ली ज्ये याच्या यिंगझाओ फाशी (११०३) या सुंगकालीन शासकीय बांधकाम-संहितेत लाकडी कोरीव कामाच्या प्रकारांत स्तंभाला वेढणाऱ्या ड्रॅगनाचा समावेश आहे. ताइयुआनजवळील (शान्सी प्रांत) जिन्‌त्स येथे पवित्र मातेच्या मंदिराच्या दर्शनी आठ स्तंभांवर लाकडात कोरलेले ड्रॅगन (१०८७) आहेत. चीनमध्ये अवशिष्ट असलेले या प्रकारचे हे सर्वांत जुने लाकडी नमुने मानले जातात. छ्यूफू (शांतुंग प्रांत) येथील कन्फ्यूशस मंदिराच्या मुख्य दालनाभोवती २८ पाषाणस्तंभ आहेत. त्यांपैकी दर्शनी १० स्तंभांवर प्रत्येकी दोन ड्रॅगन ठसठशीत उठावात, तर उरलेल्या १८ स्तंभांवर प्रत्येकी ७२ लहान ड्रॅगन उथळ उठावात कोरलेले आहेत. सम्राट दर्शनास आला असता त्यास मत्सर वाटू नये म्हणून दर्शनी स्तंभ रेशमी वस्त्राने झाकीत, अशी आख्यायिका आहे. पीकिंगच्या (बीजिंग) निषिद्ध नगरीतील मुख्य दालनात सिंहासनाभोवती सहा सुवर्णमंडित ड्रॅगनस्तंभ आहेत. थ्येनआनमन द्वाराच्या पुढील व मागील संगमरवरी स्तंभ (ह्वाब्याव) मात्र कोणताही भार न वाहणारे, केवळ प्रतीकात्मक आहेत.

या स्तंभांचा संबंध अनेकदा फेंगशुईशी जोडला जातो. परंतु येथे दोन भिन्न कल्पनांची गल्लत होते. फेंगशुई (शब्दशः ‘वारा आणि पाणी’) हे मूलतः थडगी, घरे व नगरे यांसाठी जागा निवडण्याचे शास्त्र मानले गेले. ग्वो पू (२७६–३२४) याच्या नावावर मोडणाऱ्या दफनविषयक ग्रंथात, भूमीतील प्राणशक्ती (छी) वाऱ्याने विखुरते व पाण्यापाशी थांबते, असा विचार आढळतो. फेंगशुईतील ड्रॅगन म्हणजे ही शक्ती वाहून नेणारी डोंगररांग होय. पूर्वेस नील ड्रॅगन, पश्चिमेस श्वेत व्याघ्र, दक्षिणेस रक्तवर्ण पक्षी व उत्तरेस कृष्ण कूर्म ही दिक्कल्पनाही या विद्येने स्वीकारली. तिचे मूळ पुष्कळच प्राचीन असावे; कारण १९८७ मध्ये पूयांग (होनान प्रांत) येथे सापडलेल्या सु. सहा हजार वर्षांपूर्वीच्या दफनात मृताच्या पूर्वेस शिंपल्यांनी रचलेला ड्रॅगन व पश्चिमेस व्याघ्र आढळला.

पाठीशी डोंगर व समोर पाणी या नियमामागे व्यावहारिक अनुभवही आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळी वारे उत्तरेकडून येतात व ऊन दक्षिणेकडून मिळते. निषिद्ध नगरीच्या (१४०६–२०) उत्तरेस खंदकाच्या मातीची जिंगशान टेकडी उभारली गेली आणि दक्षिणेकडील प्रांगणातून ‘सुवर्णजल’ प्रवाह नेण्यात आला. जिन्‌त्सचे मंदिर मात्र पूर्वाभिमुख आहे; त्याच्या पाठीशी डोंगर व पुढे जलकुंड आहे. यावरून दिशेपेक्षा भूरचनेस प्राधान्य मिळाल्याचे दिसते.

लाकडी इमारतींना आगीचे भय सदैव असे. त्यामुळे जलाधिपती ड्रॅगनाच्या प्रतिमेस रक्षणात्मक अर्थही प्राप्त झाला. तथापि वीज कोसळून निषिद्ध नगरीतील प्रमुख दालने १४२१ मध्ये व छ्यूफूचे दालन १७२४ मध्ये भस्मसात झाले. प्रासादात पाण्याचे मोठे रांजण ठेवण्याची व्यवस्था हे श्रद्धेबरोबर प्रत्यक्ष उपायही योजले जात, याचे द्योतक आहे. वास्तूच्या शुभाशुभ दिशांविषयीच्या समजुतींवर वांग चुंग या विचारवंताने इ. स. पहिल्या शतकातच कठोर टीका केली होती.

फूज्येन प्रांतातील कारागिरांमुळे पाषाणी ड्रॅगनस्तंभांची परंपरा तैवान व आग्नेय आशियातील चिनी वसाहतींत पोहोचली. १९४९ नंतर चीनमधील साम्यवादी राजवटीने फेंगशुईची गणना अंधश्रद्धेत केली. हाँगकाँग व तैवान येथे मात्र ती प्रचलित राहिली. ड्रॅगनाची मूर्ती घरात ठेवल्याने भरभराट होते, हा अलीकडे लोकप्रिय झालेला समज या प्राचीन भूमिविद्येचा गाभा नव्हे. तिचा भर जागेच्या निवडीवर होता, तर स्तंभावरील ड्रॅगन प्रामुख्याने प्रतिष्ठा, पूज्यभाव व रक्षण यांचा निदर्शक होता.