डायलिसिसचा फिस्टुला आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण (जालना जिल्हा)

मूत्रपिंडे निकामी झाली की रुग्णाचे रक्त यंत्रातून शुद्ध करावे लागते. त्यासाठी मिनिटाला सुमारे 300 मिलिलिटर रक्त बाहेर यावे लागते; हाताच्या साध्या शिरेला ते झेपत नाही. म्हणून मनगटाशी किंवा कोपरापाशी धमनी शिरेला जोडतात. हाच फिस्टुला. ब्रेशिया, सिमिनो व सहकाऱ्यांनी 1966 मध्ये ही पद्धत मांडली. तिच्याहून टिकाऊ मार्ग अजून सापडलेला नाही.

जोडलेली शीर फुगून जाड व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. कित्येक फिस्टुले तयारच होत नाहीत. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत सुमारे 60 टक्के फिस्टुले ठरल्या मुदतीत कामाचे झाले नाहीत. रुग्ण अगदी शेवटी दवाखान्यात आला, तर मानेत नळी घालण्यावाचून इलाज उरत नाही. नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होतो, छातीतल्या मोठ्या शिरा अरुंद होतात आणि त्या बाजूच्या हाताला पुढे करायचा फिस्टुलाही धोक्यात येतो.

1 मे 1981 रोजी झालेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीच्या खेड्यातून आठवड्याला दोन-तीनदा, दर वेळी चार तासांच्या डायलिसिससाठी ये-जा करायची, तर सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते. 2016 चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांसाठी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिस मोफत मिळते. उपचाराचा खर्च सुटला तरी प्रवास आणि बुडालेला रोजगार घरावरच पडतो. जालन्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रत्यारोपणासाठी मात्र सुमारे 60 किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. मराठवाड्याची विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय समितीही तिथेच आहे.

प्रत्यारोपणाने आयुष्य वाढते, हे निर्विवाद. 1999 च्या अमेरिकी अभ्यासात प्रतीक्षायादीतल्या रुग्णांच्या तुलनेत प्रत्यारोपण झालेल्यांचा दीर्घकालीन मृत्युदर वेगवेगळ्या गटांत 48 ते 82 टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र धोका 2.8 पट होता. 1994 च्या कायद्याने जवळच्या नातलगांचे दान आणि मेंदूमृत व्यक्तीचे दान असे दोन्ही मार्ग मान्य केले. भारतात बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्यांवर चालतात आणि त्या दात्यांत आया, पत्नी, बहिणीच अधिक असतात. मेंदूमृत्यूनंतरचे दान वाढल्याशिवाय हा भार हलका होणार नाही.

बसवलेले मूत्रपिंडही कधी निकामी होते. तेव्हा रुग्ण पुन्हा डायलिसिसवर येतो आणि जुना चालू फिस्टुला त्याच्या कामी येतो. त्याचा हृदयावर जास्त ताण पडत असेल तरच तो बंद करण्याचा विचार करतात.

या साऱ्याची तयारी डायलिसिसच्या कितीतरी आधी होते. मूत्रपिंडाचा आजार कळताच, ज्या हाताने आपण लिहीत-जेवत नाही त्या हाताच्या शिरा राखून ठेवाव्यात. सलाईन किंवा रक्ततपासणीसाठी सुई त्या हाताला लावू न देता दुसऱ्या हाताच्या पंजाच्या पाठीवर लावायला सांगावे.